गोळी पोटात जाईपर्यंत

सुजाताचा फोन रोज सकाळी यायचा. मी दुकानाचं शटर वर करून उदबत्ती लावत असायची, तेव्हाच नेमका वाजायचा. त्या दिवशी मात्र तो भर दुपारी वाजला. महाडच्या एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. दुपारी गावाकडच्या गाड्या लागायच्या आधी गिऱ्हाइकांची झुंबड उडते, आणि हिला आत्ताच गप्पांची हुक्की यावी याचा मला चक्क राग आला. पलीकडून कोणी काही बोलायच्या आत मीच सुरू केलं, "तुझं दुकान रिकामं असेल बाई, माझं नाही."  पलीकडे तिचे यजमान होते, प्रकाश भावोजी. ते म्हणाले, "विजयाताई, सुजाताची स्कूटर घसरली. संपलं सगळं." समोर एक बाई खोकल्याच्या औषधासाठी हात पुढे करून उभी होती. मी तिला बाटली दिली, दोन चमचे सकाळी, दोन रात्री, हे नीट समजावून सांगितलं, आणि मग खाली बसले. आपण बाटली दिली हे मला नंतर त्या बाईनंच सांगितलं.

त्याला आता काही आठवडे झाले. मधे गणपती येऊन गेले, मुंबईकर आले तसे परत गेले, आणि पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. सुजाता पोलादपूरहून वर डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावर गेली, एका वळणावर, जिथे पावसाळाभर वरची बारीक खडी वाहून येते. त्या दिवशी दुकान सोडून ती त्या वळणावर का होती, हे मला विचारणारे पुष्कळ भेटले. एका गोळीसाठी होती, एवढंच उत्तर आहे. पण ते असं एका वाक्यात सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमची ओळख डी.फार्म.च्या वसतिगृहातली. मी महाडची, ती पोलादपूरची, म्हणून दोघी रायगडकरणींना एका खोलीत टाकलं होतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि मार्क थोडक्यात हुकले होते. पहिली टर्म ती भिंतीकडे तोंड करून रडण्यात गेली. आयुष्यभर काउंटरमागे उभं राहून कात्रीनं पाकिटं कापायची, एवढ्यासाठी शिकायचं का, असं ती विचारायची. मला असले प्रश्न कधी पडले नाहीत. डोक्यावर पंखा असेल, पावसात भिजावं लागणार नाही आणि कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढं माझ्यासाठी भरपूर होतं. मी तिला म्हणायची, रडून झालं असेल तर जेवायला चल, मेसमधली आमटी संपते. पुढे तिचं लग्न पोलादपुरातल्याच एका शिक्षकाशी झालं आणि तिनं बाजारपेठेत दुकान टाकलं. तरी सुरुवातीची काही वर्षं तिचं रडगाणं फोनवर चालूच होतं. वाण्याच्या आणि आपल्या दुकानात फरक एवढाच, की आपण फ्रीज ठेवतो, असं ती म्हणायची. मला हसू यायचं, तिला येत नसे.

हे बदललं ते तात्यांमुळे. तात्या म्हणजे डोंगरातल्या एका वाडीवरचे म्हातारे शेतकरी. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलगा मुंबईला, घरात हे आणि त्यांची बायको सगुणाआजी. ब्लड प्रेशर बरंच वाढलेलं, डॉक्टरांनी रोज एक गोळी कायमची लिहून दिलेली. तात्या महिन्याची गोळी नेऊन गेले ते सहा महिने फिरकलेच नाहीत. एकदा बाजारात दिसले तेव्हा सुजातानं हटकलं, तर म्हणाले, संपली नाय अजून, जपून ठेवली हाय. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, देवाजवळ. दुखायला लागलं की घेणार होते. प्रेशर काही दुखत नाही, मग चांगली गोळी फुकट का घालवा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी हा किस्सा ऐकून पोट धरून हसले. सुजाता हसली नाही. ती म्हणाली, "चिठ्ठी लिहिली की डॉक्टरांचं काम झालं. पाकीट दिलं की आपलं काम झालं. मग गोळी पोटात जायचं काम कुणाचं गं, विजू?"

मी म्हटलं, पोट ज्याचं त्याचं. हे मी आजही म्हणते, आणि फार्मसीतल्या शंभरातल्या नव्वद जणी हेच म्हणतील. आपण काय घरोघर जाऊन भरवणार आहोत का? पण तिच्या डोक्यात तो प्रश्न जो शिरला, तो पुन्हा बाहेर आला नाही. भिंतीकडे तोंड करून रडणारी मुलगी त्या दिवशी काउंटरवर सरळ उभी राहिली, असं मला वाटतं. डॉक्टर न झाल्याचं दुःख तिनं त्यानंतर माझ्याजवळ एकदाही काढलं नाही. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी ती गप्पा मारत बसायची. तुमच्याकडे रोज काय होतं, सकाळी पहिलं काय करता, कधीच चुकत नाही असं घरात काय आहे, असं खोदून खोदून विचारायची. कुणी गुरं सोडायची वेळ सांगे, कुणी तुळशीला पाणी घालायची. मग त्या माणसाची गोळी ती त्या कामाला बांधून टाकायची. सकाळी-संध्याकाळी असं म्हणायचंच नाही. गुरं सोडली की गोळी, तुळशीला पाणी घातलं की गोळी. मी चिडवायची, तुझ्याकडे गोळी घ्यायला यायचं म्हणजे आधी घरचं वेळापत्रक पाठ करून यायला पाहिजे. ती खुशीत हसायची. गिऱ्हाइकं रांगेत खोळंबायची ते वेगळंच.

तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, एसटी. वाडीवर सकाळी एकच एसटी जाते, देवळापाशी वळते आणि माघारी फिरते. सगळी वाडी तिच्यावर चालते. एसटी वळली की बाया पाण्याला जाणार, एसटी वळली की चूल दुसऱ्यांदा पेटणार. मग ठरलं, एसटी वळली की गोळी. आणि तात्यांनी ती खरोखर घेतली, वर्षानुवर्षं. दर महिन्याला रिकामी पाकिटं घेऊन खाली यायचे आणि ती काउंटरवर मांडून दाखवायचे. प्रेशर उतरलं, पायांची सूज गेली. सुजाता मला फोनवर तात्यांचं प्रेशर असं सांगायची, जसं कोणी आपल्या पोराचे मार्क सांगावेत.

मग महाडचा महापूर आला. त्याबद्दल मी काय सांगू, या भागात ज्यानं त्यानं तो आपापल्या घरात पाहिला आहे. माझ्या दुकानात वरच्या फळीपर्यंत पाणी होतं. ओसरलं तेव्हा गोळ्या, बाटल्या, बिलं, सगळ्याचा एकच लगदा झाला होता आणि त्याला जो वास होता तो अजून कधीकधी पावसाळ्यात मला येतो. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, बस, आता नाही. सुजाता पोलादपूरहून जमेल तशी येऊन पोहोचली, पदर खोचला आणि फावडं घेतलं. कितीतरी दिवस ती माझ्याकडे होती. डोंगरात दरडी कोसळत होत्या, तळीये गाव दरडीखाली गेल्याची बातमी येऊन सगळा तालुका सुन्न होता, रोज नवा रस्ता बंद झाल्याचं कानावर येत होतं. तात्यांच्या वाडीचा रस्ताही वाहून गेला होता. वाडीला धक्का लागला नाही, माणसं सुखरूप आहेत, एवढं कळल्यावर सुजातानं देवाला हात जोडले आणि पुन्हा चिखल ओढायला लागली.

माणसं सुखरूप होती, पण एसटी बंद होती. रस्ता नीट व्हायला बरेच आठवडे लागले. तोवर तात्यांनी एकही गोळी घेतली नाही. डब्यात गोळ्या होत्या, शेजारी पाण्याचा तांब्या होता, आणि ते रोज सकाळी देवळापाशी जाऊन बसत होते, एसटी येत नव्हती म्हणून उठून घरी येत होते. आजी म्हणायची, घ्या की. ते म्हणायचे, एसटी वळल्याबिगर घ्यायची नाय, पोरीनं सांगितलंय. एका सकाळी ते देवळापाशीच कलंडले. डोलीत घालून, तुटलेल्या रस्त्यावरून खाली आणेपर्यंत फार उशीर झाला होता.

सुजातानं तात्यांच्या घरी जाऊन तो डबा उघडून पाहिला. सगळी पाकिटं भरलेली. त्यानंतर बरेच दिवस तिनं दुकान उघडलं नाही. मी भेटायला गेले तर ओट्यावर नुसती बसून होती. मी समजावलं, एवढी साधी गोष्ट माणसाला कळायला नको का, यात तुझा काय दोष. ती म्हणाली, "त्यांनी मी सांगितलं तेच केलं. मी त्यांना गोळी सांगितलीच नाही विजू, मी एसटी सांगितली."   आणि ज्या दिवसांत तात्या देवळापाशी बसत होते, त्या दिवसांत ती माझ्या दुकानातला चिखल काढत होती, हे आमच्या दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

मला वाटलं, आता ही धंदा सोडणार. सोडला असता तर बरं झालं असतं, असं या आठवड्यांत मी इतक्यांदा म्हटलंय की त्याची मोजदाद नाही. पण ती दुकानात परत आली, आणि तेही वेगळंच काहीतरी ठरवून. वाड्यांवर आता घरोघर साधे बटणांचे फोन पोहोचले होते, पोरं मुंबईहून आणून देत. सुजातानं एकट्या राहणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांचे नंबर आपल्या फोनमध्ये भरले. सकाळी ती प्रत्येकाला एक मिस्ड कॉल द्यायची. तो वाजला की गोळी घ्यायची, आणि घेतली की उलटा मिस्ड कॉल द्यायचा. उचलायचं नाही, बोलायचं नाही. कमी ऐकू येणाऱ्यांनाही जमेल असं काम. मी म्हटलं, आणि तू आजारी पडलीस, लग्नाला गेलीस, फोन बिघडला तर? तर ती म्हणाली, "एसटी बंद पडते गं. मी नाही पडणार."

मी तिला वेड्यात काढलं, पण ते जमलं. सकाळी आम्ही बोलत असलो की मधेमधे तिचा फोन टुक टुक करायचा आणि ती मधेच म्हणायची, हे आबा झाले, ह्या काकू झाल्या. तात्या गेल्यावर पुढे सगुणाआजीलाही प्रेशर निघालं. तिचा उलटा कॉल सगळ्यात शेवटी यायचा, कारण ती आधी गुरांचं आवरणार, मग चूल, मग गोळी. तिचा आला की सुजाता म्हणायची, चला, आता दुकान उघडलं. शटर केव्हाच वर गेलेलं असायचं, पण तिच्या लेखी दुकान तेव्हा उघडायचं. एवढी समाधानी बाई मी आमच्या धंद्यात दुसरी पाहिली नाही. मला तिचा हेवा वाटायचा, आणि आता त्या समाधानाचाच संताप येतो.

त्या दिवशी आजीचा उलटा कॉल आला नाही. सकाळी आमचं बोलणं झालं तेव्हा सुजाता अस्वस्थ होती. मी म्हटलं, येईल, विसरली असेल. तिनं पुन्हा पुन्हा रिंग दिली, ती वाजत राहिली. शेजारच्यांचा फोन लागेना. तास-दोन तास वाट पाहून तिनं दुकान बंद केलं, रेनकोट चढवला आणि स्कूटर काढली.

आजी ठणठणीत होती. मुलानं मुंबईहून मारलेला रिचार्ज आदल्या दिवशी संपला होता. असं झालं की बाहेरून आलेला फोन वाजतो, पण आपला जात नाही. तिनं गोळी घेतली, फोन लावला, तर आतून एक बाई काहीतरी बोलायला लागली. ते नेहमीसारखं नाही हे आजीला कळलं, पण कोणी बोललं म्हणजे निरोप पोहोचला, अशा समजुतीनं ती फोन चुलीपाशी ठेवून गोठ्यात गेली. एवढंच… याहून जास्त काही नाही. मी हे प्रत्येक बाजूनं उलटंपालटं करून बघते आणि मला कुठेही, कोणावरही चिडायला जागा सापडत नाही.

पोलादपूरचं दुकान बंद आहे. लायसन्स तिच्या शिक्षणावर होतं, ती नाही तर ते उघडता येत नाही. फ्रीजमधलं इन्सुलिन मी माझ्याकडे आणलं, बाकीचा माल जिकडून आला होता तिकडे परत गेला. सामान आवरताना प्रकाश भावोजींनी तिचा फोन माझ्या हातात ठेवला. तो त्या दिवसापासून बंद होता. चार्ज करून सुरू केला आणि फोन बंद असताना कोणी कोणी लावला होता, त्याचे मेसेज एकामागून एक यायला लागले. ती गेल्यानंतरच्या सकाळींना त्या म्हाताऱ्या माणसांनी आपणहून मिस्ड कॉल दिले होते. तिचा वाजला नाही म्हणून. कितीतरी दिवस देत राहिले होते आणि मग एकेक करून थांबले होते. सगुणाआजीचा त्यात एकही नव्हता.

मी सगळ्यांना फोन लावायला घेतले. काहींना बातमी कळली होती, काहींना मीच सांगितली. आजी मात्र उचलेना, म्हणून मी एसटीनं वर गेले. त्या वळणावर गाडी हळू झाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आजी पडवीत बसली होती. मला बघून म्हणाली, "तू तिची मैतरीण ना गो? बस." बिस्किटाचा तोच डबा आतून आणून तिनं माझ्यापुढे उघडा ठेवला. सुजाता गेल्यापासूनच्या सगळ्या गोळ्या त्यात होत्या. मी काही बोलायच्या आधी ती म्हणाली, "ह्यांनी घेतली नाय म्हनून हे गेले. मी घेतली तरी ती गेली. मंग काय करायची गो ही गोळी?"

बरीच वर्षं मी या धंद्यात आहे. कुठली गोळी कशासाठी, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन.  त्या पडवीत मी फक्त म्हटलं, उद्यापासून मी फोन करीन, तिच्याच फोनवरून. आजीनं पाकिटातून एक गोळी काढून तळव्यावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या धरला आणि तशीच थांबली. तिची एक अट होती.

"माझा फोन नाय आला तर तू यायचं नाय. मेले तरी यायचं नाय. कबूल कर, मंगच घेते."

मी कबूल केलं. काय करणार होते? तिनं गोळी गिळली आणि मला तोंड उघडून दाखवलं. सुजातानं तिला तशी सवय लावली होती.

तेव्हापासून सुजाताचा फोन माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असतो. सकाळी उदबत्ती लावली की मी तो काढते आणि एकेकाला रिंग देते. पूर्वी त्याच वेळी याच फोनवरून तिचा कॉल मला यायचा. परत येणारे कॉल एकेक करून येतात आणि शेवटी आजीचा. गणपतीला मुलगा आला तो वर्षभराचा रिचार्ज मारून गेला आहे. मला यात सुजातासारखं समाधान वगैरे काही मिळत नाही, खोटं कशाला लिहू. मला भीती वाटते. शेवटचा कॉल येईपर्यंत मी चहासुद्धा घेत नाही, गिऱ्हाइकांवर खेकसते, आणि तो आला की सुटल्यासारखं होतं, ते फक्त दुसऱ्या सकाळपर्यंत. तिनं हे इतकी वर्षं हसत कसं केलं, ते तिला विचारायला हवं होतं… आता कुणाला विचारू?

हा लेख मी गेले काही दिवस काउंटरवर बसून, गिऱ्हाइकांमधून जमेल तसा लिहिते आहे. आज सकाळी इथवर आले होते आणि आजीचा कॉल यायचा होता. तो अजून आलेला नाही. मी पुन्हा रिंग दिली, पूर्ण वाजून बंद पडली. परत दिली, परत तेच. शेजारच्यांचाही फोन लागत नाही. रिचार्ज संपलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पाऊस आहे. रेंज नसेल, फोन पडवीत राहिला असेल, ती गोठ्यात असेल. मी शब्द दिलेला आहे, तिच्या तळव्यावर गोळी असताना दिलेला आहे.

समोर स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली आहे. तिथून वाडीची एसटी केव्हाच गेली असेल, पण वर जायला एखादी जीप मिळेल. सुजाताचा फोन पर्समध्ये टाकला आहे, शटर अर्ध्यावर ओढलं आहे, आणि हे मी उभ्यानंच लिहिते आहे. शब्द मोडला म्हणून आजी मला दारातच शिव्या घालेल. घालू दे. घालायला ती असली म्हणजे झालं.